बावीस गारगोट्या

लोहारा, यवतमाळ
१० नोव्हेंबर २०२४

हंसाबाई, राम राम.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. तुमच्या तांड्यात टॉवर नाही, आणि टेकडीवर चढून फोन लावलास तरी "बरं आहे, ठेवते" यापलीकडे तू बोलत नाहीस. मी वसतिगृहात असल्यापासून आपलं दोघांचं खरं बोलणं कागदावरच होत आलं आहे. म्हणून लिहायला बसलो. कारण सांगायला मात्र लाज वाटते. बेचाळीस वर्षांच्या माणसाला, कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या तुझ्या भावाला, मासे पाळायची हौस आली आहे. खायचे नव्हे, नुसते पाहायचे.

नव्या घराची वास्तू १५ डिसेंबरला धरली आहे. बैठकीत भिंतीला लागून तीन फूट लांबीची काचेची टाकी ठेवायची. स्टँड इथल्या वेल्डरने करून दिला. कॉलेजच्या सहलीत मुंबईचं मत्स्यालय पाहिलं होतं, तेव्हापासून हे डोक्यात होतं. कारखान्यात कुणाला सांगितलं नाही, हसतील.

यवतमाळात धर्मपाल नावाच्या माणसाचं रंगीत माशांचं दुकान आहे. मी गेलो आणि टाकी द्या, मासे द्या म्हणालो, तर त्याने मला स्टुलावर बसवून तासभर शिकवलं. "साहेब, आंधी घर बांधा, मंग पाव्हणे बोलवा. मासे सगळ्यात शेवटी." हे मासे उष्ण देशांतले, त्यांना पाणी कोमट लागतं, म्हणून हीटर. पाणी भरून फिल्टर सुरू करायचा आणि तीन आठवडे टाकी रिकामीच चालू ठेवायची. त्याशिवाय मासे जगत नाहीत.

मी वहीत नकाशा काढला आहे. मागे काळा कागद. वाळू मागच्या बाजूला उंच, पुढे उतरती. डावीकडे एखादं वाळलेलं मूळ, त्याच्या आड हीटर लपवायचा. उजवीकडे दगडांची छोटी टेकडी, माशांना लपायला. दुकानातले दगड निळ्या-गुलाबी रंगाचे आहेत, जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यासारखे. मला खरे दगड हवेत. तुमच्या तांड्याखालच्या नाल्यात मिळतील ना? पुढच्या रविवारी, १७ तारखेला, येतो. भाकरी-भाजी तुझ्याकडेच.

तुझा,
देवीलाल


तांडा, ता. दारव्हा
१४ नोव्हेंबर २०२४

देवा,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की अंगणवाडीतली पोरंही हसायला लागली, का ते न कळता. अरे, तुमच्या लोहाऱ्यात नळ कधी येतो ते पंचांग बघून कळत नाही, आणि तू माशांना टाकीभर पाणी देणार! संगीता काही म्हणत नाही का? मी तिच्या जागी असते तर टाकीत आधी तुलाच उभं केलं असतं. असो. हौसेला मोल नसतं.

बाबा रे, रविवारी मात्र आम्ही नाही. पूनमसिंगच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे फुलसावंगीला. शनिवारी जाऊ ते सोमवारी येऊ. तू ये, किल्ली शेजारी मिळेल. चुलीजवळच्या डब्यात लाडू आहेत, सगळे संपवू नकोस. नाल्यात हवे तेवढे दगड घे, नाला काही माझ्या सासऱ्याचा नाही. नेमसिंगची जीप दारव्ह्याहून दहाला निघते. पोतं घेऊन चढलास तर तो कुरकुर करेल, लक्ष देऊ नको.

पूनमसिंगना सांगितलं, तर म्हणतात, "साळ्याले सांग, नाल्याचं पाणी बी घेऊन जाय, फुकट आहे." तुझ्यासारख्या उंटावरच्या शहाण्याला असाच मेहुणा पाहिजे.

वास्तूला काय आणू? आपल्या तांड्यातल्या बायकांच्या चोळीवर, कांचळीवर, करतात तशी आरशांची एक पट्टी भरून ठेवली आहे. तुझ्या दारावर लावायची. लाजणार नसशील तर आणते.

हंसा


लोहारा
२६ नोव्हेंबर २०२४

हंसाबाई,

दारावर पट्टी लावायला मी कशाला लाजू? असं लिहीत जाऊ नकोस, टोचतं. वसतिगृहात असताना मी कुठल्या तांड्यातला ते कुणाला सांगत नव्हतो, हे खरं. ते वय गेलं.

तर, कामगिरी फत्ते. नेमसिंगने पोत्याचं वेगळं तिकीट मागितलं आणि मग स्वतःच ते टपावर चढवलं. लाडू चार खाल्ले. खरंतर सहा.

नाल्यात दगड खूप होते, पण सगळे काळे. काळ्या कागदापुढे काळा दगड दिसणार कसा? मूळ मात्र छान मिळालं, वाकडंतिकडं, हरणाच्या शिंगासारखं. दुपार झाली, निघणार होतो, आणि वरच्या काठावर पळसाखाली पाहतो तर काय! पांढऱ्याशुभ्र गारगोट्यांचा एक लहानसा ढीग. मुठीएवढ्या, गुळगुळीत, अगदी कुणीतरी निवडून रचल्यासारख्या. पोरांचा खेळ असणार. आजूबाजूला कुणी नव्हतं, नाहीतर विचारलं असतं. सगळ्या घेतल्या. बावीस भरल्या. पोरं रडली तर माझ्या नावाने गोळ्या वाट.

धर्मपालने सांगितल्याप्रमाणे लिंबू पिळून पाहिलं, फेस आला नाही. फेस आला तर दगडात चुना असतो आणि पाणी बिघडतं. मग संगीताच्या मोठ्या पातेल्यात अर्धा तास उकळल्या. दोन-तीन गारगोट्यांवर पिवळं काहीतरी होतं, तारेच्या ब्रशने घासून काढलं. आता अशा चकाकतात की विचारू नको. रविवारी टाकी मांडली, पाणी भरलं, फिल्टर सुरू केला. डावीकडे मूळ, उजवीकडे पांढरी टेकडी, मध्ये दोन हिरवी पाती. फोटो स्टुडिओतून काढून आणला आहे, सोबत पाठवतो. मासे १४ तारखेला सोडायचे, म्हणजे वास्तूला पाहुणे येतील तेव्हा टाकी जिवंत असेल.

तू आदल्या दिवशीच ये. मासे तुझ्या हातून सोडू.

देवीलाल


तांडा
२ डिसेंबर २०२४

देवा,

पत्र मिळालं. फोटो पाहिला. टाकी चांगली दिसते.

त्या गारगोट्या पळसाखालच्याच ना? नाल्याकडे कललेला पळस? सगळ्याच घेतल्यास का, की एखादी राहिली? त्यात एक चपटी होती, तिच्यात मधोमध लाल रेघ. फोटोत ती मला दिसत नाही. ती कुठे आहे ते कळव.

वास्तूला येणं जमेलसं वाटत नाही. अंगणवाडीत वजनं घ्यायची आहेत, वरून माणसं येणार आहेत. पूनमसिंग येतील. पट्टी त्यांच्याबरोबर पाठवते.

हंसा


लोहारा
८ डिसेंबर २०२४

हंसाबाई,

हे काय नवीन? अंगणवाडीची वजनं रविवारी घेतात का? मला फसवू नकोस. खरं कारण मला कळलं आहे. संगीता आमंत्रणाला स्वतः आली नाही, पोस्टाने पत्रिका पाठवली, म्हणून तू रुसलीस. चूक आमची. पण सख्ख्या भावाच्या वास्तूला मानपान कसला धरतेस? संगीता म्हणते, "मी जीपनं जातो अन् हंसाबाईच्या पाया पडतो, पण त्यायले घेऊनच येतो." तिला खरंच पाठवू का?

आणि पत्र कसं लिहिलंस, तहसीलदाराच्या नोटिशीसारखं! एक चिमटा नाही, एक टोमणा नाही. दगडांचं मात्र बारीक विचारलंस. तुलाही या हौसेची लागण झाली की काय?

हो, कललेल्या पळसाखालच्याच. एकही ठेवली नाही. लाल रेघेची चपटी होती, तीच सगळ्यांत देखणी. पण उकळताना तडकली आणि रेघेवरच दोन तुकडे झाले. एक तुकडा पुढच्या बाजूला तिरका टेकवला आहे, त्याच्याखाली बारके मासे बसतील. दुसरा अंगणात भरावात टाकला.

१४ तारखेला सकाळी नेमसिंगच्या जीपची वाट पाहीन.

देवीलाल


तांडा
१२ डिसेंबर २०२४

देवा,

संगीताला पाठवू नकोस. तिचा काही दोष नाही. हे पत्र मी नेमसिंगच्या हाती देते आहे, तुला उद्याच मिळेल. तुझ्या वास्तूआधी लिहावं की नंतर, यात चार रात्री गेल्या. पण तू मासे सोडशील, पाहुण्यांना दगड दाखवशील, आणि मी इथे गप्प बसेन, हे मला होत नाही.

पळसाखाली माझी मुलगी आहे.

ती गेली एवढंच तुला मागाहून कळलं, ती कुठे आहे ते नाही. २००२ साली, दिवाळीनंतर. एकोणीस दिवसांची होती. आपल्यात लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. पूनमसिंगनी वरच्या काठावर जागा केली, पाणी चढणार नाही अशी. मी त्या दिवशी नाल्यातून एक पांढरी गारगोटी शोधून ठेवली. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काळे धोंडे होते, ते पावसापाण्यात गेले. पण दर वर्षी त्या तारखेला मी एक गारगोटी शोधते, हळद लावते आणि ठेवते. पांढरी सहज मिळत नाही इथे. कधी कधी दोन-दोन दिवस नाला धुंडाळते. लाल रेघेची ती पहिली.

या २८ नोव्हेंबरला तेविसावी घेऊन गेले तर जागा बोडकी. मला वाटलं गुराख्याच्या पोट्ट्यांचं काम. तांडाभर शिव्या देत फिरले. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं.

मी रागावले नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू. फोटो पाहून मला भाकरी गेली नाही. उकळल्या, घासल्या, हे तू किती आनंदाने लिहिलं होतंस! पण तुझ्यावर राग धरता येत नाही, हीच पंचाईत आहे. तुला कळणार कसं? मी तेव्हाच तुला अमरावतीच्या वसतिगृहात लांब पत्र लिहिलं होतं. जागा कुठली, दगड कसा, सगळं त्यात होतं. तिचं नावही होतं. बारसं व्हायच्या आत गेली. सासूबाई म्हणाल्या, बिननावाच्या लेकरासाठी नाव घेऊन रडू नये. मी मनात नाव ठेवलं होतं, ते फक्त तुला लिहिलं. आणि ते पत्र हरवलं. मला वाटलं, नावही तिच्या मागे गेलं. मग मी ते तोंडातून काढलंच नाही, पूनमसिंगपाशीही नाही.

तेव्हा सगळा राग मी लखीराम पोस्टमनवर काढला. भर बाजारात त्याला म्हटलं, "माह्या लेकीचं पत्र खाल्लं तुनं." तो बिचारा शपथा घेत होता. मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाही, त्याला दारात पाणी दिलं नाही. तुझा दोष असता तर तुझ्यावर असा राग काढणं मला जमलंच नसतं.

वास्तू नीट कर. दगडांचं मागाहून पाहू.

हंसा


लोहारा
१७ डिसेंबर २०२४

हंसाबाई,

नेमसिंगने पत्र १३ला संध्याकाळी आणून दिलं. मी ते बैठकीत टाकीसमोर उभा राहून वाचलं. त्यानंतर काय केलं ते सांगतो, आणि मग एक गोष्ट सांगतो जी बावीस वर्षांपूर्वी सांगायची होती.

फिल्टर बंद केला आणि हात घालून एकेक दगड काढला. बाहीसकट हात ओला झाला. संगीता धावत आली, तिला वाटलं टाकी फुटली. एकवीस आणि एक तुकडा. दुसऱ्या तुकड्यासाठी अंगणातला भराव मी दोन दिवस हाताने चाळला. वास्तूच्या सकाळी, भटजी आत मांडामांड करत होते आणि यजमान बाहेर गुडघ्यांवर मुरूम उपसत होता. लोक पाहत होते. मिळाला शेवटी. सगळे संगीताच्या धुतलेल्या लुगड्यात बांधून देवाजवळ ठेवले आहेत. पूजेला आलेले लोक टाकी पाहून म्हणाले, उजवी बाजू उघडी का? मी म्हणालो, काम अर्धं आहे. पूनमसिंग तिथेच उभे होते. त्यांनी पट्टी स्वतःच्या हाताने दाराला ठोकली. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

आता ती गोष्ट. बाई, तुझं पत्र हरवलं नव्हतं. मला मिळालं होतं.

लखीरामने ते नीट टाकलं, अमरावतीच्या पोस्टमनने नीट आणून दिलं. वसतिगृहाच्या व्हरांड्यात मला ते मिळालं, खोलीतली चार मुलं जवळ होती. दोन दिवसांनी आमची सहल निघायची होती, मुंबईची. मी पत्र उघडलं, ती गेली हे वाचलं. एकाने विचारलं, काय रे, घरून काय? मी म्हणालो, काही नाही, नेहमीचं. पत्र घडी करून पेटीत टाकलं. मनात म्हणालो, आता जाऊन काय होणार आहे, सहल पुन्हा नाही. आणि दुसरंही सांगतो, कारण अर्धं सांगण्यात अर्थ नाही. मी गेलो असतो तर कुठे गेला होतास म्हणून विचारलं असतं, आणि मला "तांड्यात" म्हणावं लागलं असतं.

मुंबईत मत्स्यालयात मी काचेला नाक लावून तासभर उभा होतो. तू त्या वेळी काय करत होतीस याचा विचार एकदाही आला नाही. या टाकीची हौस मला तिथे लागली. तुझ्या दाराशी यायचं सोडून जे पाहायला गेलो, तेच आता घरात मांडत होतो, आणि त्यात तुझ्या लेकीचे दगड.

संक्रांतीला घरी आलो तेव्हा तू विचारलंस, "माहं पत्र नाई भेटलं का रे?" मी "नाई" म्हणालो. एवढाच शब्द. तू मला जवळ घेतलंस आणि पोस्टाला शिव्या दिल्यास. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून त्या शिव्या ऐकल्या. त्यानंतर दर वर्षी सांगायचं ठरवलं आणि दर वर्षी वाटलं, आता कशाला. लखीरामचं मला माहीत नव्हतं. ते तुझ्या पत्रात वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संगीताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बावीस वर्सं तुमी ह्ये पोटात घेऊन जेवत राह्यले?" आणि ते पातेलं माळ्यावर टाकून आली.

माफी मागायला तोंड नाही. दगड कधी, कसे आणू तेवढं सांग.

देवीलाल


लोहारा
५ जानेवारी २०२५

हंसाबाई,

उत्तर नाही. नेमसिंगला विचारलं तर म्हणतो, बाई बऱ्या आहेत, बोलत नाहीत.

टाकीत अजून मासे नाहीत. नुसतं पाणी फिरतं आहे. धर्मपाल म्हणाला होता दगडांशिवाय चालेल, मी त्याला नको म्हणालो. एकदा गाठोडं घेऊन दारव्ह्यापर्यंत आलो होतो. स्टँडवर बसलो आणि पुढची जीप सोडून दिली. तू बोलावल्याशिवाय त्या जागेवर पाय ठेवायची हिंमत होत नाही.

दोन शिव्या तरी लिही.

देवीलाल


तांडा
१९ जानेवारी २०२५

देवीलाल,

शिव्या लिहायला बसले होते, तीनदा. कागद फाडले.

आधी मी लखीरामच्या घरी गेले. त्याची बायको कौसल्या एकटी असते. तिला म्हटलं, माझं पत्र तुझ्या माणसाने पोचवलं होतं, मी त्याला उगाच चोर म्हटलं. तिने मला बसायला गोणपाट टाकलं. मग म्हणाली, "त्यायनं मरेपर्यंत तुमचं पत्र हुडकलं. डाकेची थैली दोन-दोनदा झाडत." मी उठले आणि घरी आले. वाटेत नाल्याशी बसून राहिले. तुझी लाज तू घरात बसून लिहिलीस, माझी मी पायांनी चालत तिच्या दारात नेली. चूक तुझी होती, पण त्या माणसाला दारातून परत पाठवणारे हात माझे होते.

तुझं पत्र मी पूनमसिंगना वाचून दाखवलं नाही. त्यांना वाटतं तू दगडांपायी इतका कोसळलास. ते म्हणतात, "जाऊ दे, साळ्याले काय मालूम होतं?" मी ऐकून घेते.

सहल मला कळते. वीस वर्षांचं पोर होतास. तांड्याची लाजही कळते, ती आम्हाला सगळ्यांनाच कुणी ना कुणी शिकवली. पण "नाई" कळत नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तू ते म्हणालास.

एक गोष्ट मात्र रात्रंदिवस मनात फिरते आहे. तुला पत्र मिळालं होतं, म्हणजे तू ते वाचलं होतंस. म्हणजे तिचं नाव माझ्याशिवाय या जगात आणखी एकाला माहीत आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी मेले की ते संपलं. तू वाचलं आहेस. तर मला लिहून पाठव, काय नाव होतं. दुसऱ्या कुणाच्या हातचं एकदा पाहू दे. मग बाकीचं बोलू.

हंसा


लोहारा
२५ जानेवारी २०२५

हंसाबाई,

तुझं पत्र आल्यापासून तीन दिवस कामावर गेलो नाही. वसतिगृहाची पेटी नव्या घरात आणली आहे, ती उपसली. वह्या आहेत, सहलीचा फोटो आहे, पत्र नाही. कधी टाकलं, कुठे टाकलं, तेही आठवत नाही.

आणि नाव आठवत नाही. कारण मी ते वाचलंच नाही. "ती गेली" इथपर्यंत वाचून घडी घातली होती. पुढचं पान मी कधीच उघडलं नाही. जागा, पळस, दगड, नाव, सगळं त्या पुढच्या पानावर असणार. ते उघडलं असतं तर गारगोट्यांना हात लावला नसता.

संगीता म्हणाली, अंदाजाने एखादं लिहा, बाईच्या मनाला बरं वाटेल. मी नाही म्हणालो. एक खोटं पुरे झालं.

तू ज्या एकाच माणसाला ते सांगितलंस, त्याने ऐकलं नाही. याहून जास्त लाज वाटण्यासारखं माझ्या आयुष्यात काही नाही, आणि हे लिहिताना मी दार लावून बसलो आहे.

देवीलाल


तांडा
२ फेब्रुवारी २०२५

देवा,

तू अंदाजाने लिहिलं असतंस तर मी पुन्हा तुझं तोंड पाहिलं नसतं. संगीताला सांग, माझा राग तिच्यावर नाही.

पत्र वाचून मी रडले. बावीस वर्षांत पहिल्यांदा पूनमसिंगसमोर रडले. त्यांनी विचारलं, आणि मग मी सगळंच सांगितलं, तुझं "नाई" सुद्धा. ते उठून बाहेर गेले. तासाने आले आणि म्हणाले, "त्याले बोलाव." माफ केलं असं त्यांनी म्हटलं नाही. मीही लिहीत नाही. तसं वाटलं की तोंडाने सांगेन, नाही वाटलं तर नाही.

पुढच्या रविवारी, ९ तारखेला, ये. संगीताला घेऊन ये. नेमसिंगला नाल्यापाशी जीप थांबवायला सांगू नकोस. तांड्याच्या तोंडाशी उतर आणि दिवसाढवळ्या सगळ्यांच्या दारावरून गाठोडं डोक्यावर घेऊन ये. कुणी विचारलं काय आहे, तर काय आहे ते सांग. आधी कौसल्याच्या दारी जा आणि तिला तुझ्या तोंडाने सांग, मग माझ्याकडे ये. फुटलेल्या दगडाचे दोन्ही तुकडे आण. चिकटवू नकोस.

तुझ्या टाकीत मासे सोड. त्या बिचाऱ्या पाण्याने काय केलं आहे? दुकानातले निळे-गुलाबी दगड घाल, तुला तेच शोभतील.

आणि नाव. ते मी एकदा कागदावर लिहिलं होतं, आता लिहिणार नाही. पळसाखाली बस, मी सांगेन. ऐकलंस की मोठ्याने म्हण, नाल्यापलीकडे जाईल असं. तिच्या मामाने तिला अजून एकदाही हाक मारलेली नाही.

हंसा